पडद्याआडचा तारा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत डिसेंबर २०२५ मध्ये झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर वक्त्यांनी तपासून दिला आहे.)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण चिटणीसांनी दिले तेव्हा विषय कोणता घेणार, असे त्यांनी विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता विषय सांगितला, याचे त्यांना थोडे नवल वाटले असावे. त्याचे कारण असे, की हा विषय मी आज निवडलेला नाही. एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच मंडळात मी याच विषयावर बोललो होतो, आणि त्या दिवशी एका श्रोत्याच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते उत्तर नव्हते. ती बाकी माझ्या नावावर राहिलेली आहे. आज ती चुकती करावी, एवढाच माझा हेतू आहे.

ते १९८६ साल होते. हॅलेचा धूमकेतू येऊन गेलेला असल्यामुळे जो तो आकाशाकडे पाहू लागला होता. मंडळाला तेव्हा स्वतःची वास्तू नव्हती. एका शाळेचा वर्ग रविवारी संध्याकाळी आपल्याला मिळत असे आणि मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे अवघडून बसत असत. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी पुष्कळ. परंतु आपले मंडळ मुख्यतः माझ्यासारख्या, कारखान्यांतील, संशोधनसंस्थांतील आणि महाविद्यालयांतील नोकऱ्यांसाठी इकडे आलेल्या लोकांचे. मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे. खगोलशास्त्र हा माझा व्यवसाय नव्हे, हौस आहे, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

त्या दिवशी मी श्रोत्यांना मृग नक्षत्रात नेले होते. आजही तिथेच न्यायचे आहे.

मृग म्हटला की आपल्या माणसाच्या मनात पहिल्याने पाऊस येतो, तारे नंतर. जूनच्या सातव्या-आठव्या तारखेला सूर्य मृगात जातो आणि शेतकरी आकाशाकडे पाहू लागतो. पण त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याच्या तेजात बुडालेले असते. ते पाहायचे तर आत्ता, या थंडीत. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली झगझगणारा व्याध. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने आजीकडून अंगणात ऐकलेली असेल. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला तो याच नक्षत्राच्या नावाने. वसंतसंपात मृगशीर्षात होता अशा अर्थाचे वैदिक उल्लेख त्यांनी धुंडाळले आणि त्यांवरून वेदांचा काळ ख्रिस्तपूर्व चार हजार वर्षांच्या आसपास नेऊन ठेवला. तो निष्कर्ष सर्व विद्वानांना मान्य झाला नाही, हा भाग वेगळा. 

त्या बाणाजवळच तीन फिकट ठिपक्यांची एक लहान ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. काचेवर वाफ धरावी तसा पुसट दिसतो. तो मृगातील मोठा तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पोटात चार तेजस्वी तारे दाटीने उभे आहेत आणि त्यांतील सर्वांत प्रखर ताऱ्याच्या जंबुपार, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांनी भोवतालचा वायू पेटल्यासारखा प्रकाशतो. दुर्बिणीतून हे दृश्य फार सुंदर दिसते आणि म्हणूनच ते थोडे फसवे आहे. कारण हा सगळा झगमगाट एका अवाढव्य काळ्या मेघाच्या आपल्याकडील पृष्ठभागावर आलेल्या फोडासारखा आहे. खरा मेघ त्याच्या मागे आहे आणि तो दिसत नाही.

त्या मेघाला रेण्वीय मेघ म्हणतात, कारण त्यातील हायड्रोजन सुट्या अणूंच्या स्वरूपात नसून दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या स्वरूपात असतो. तो इतका थंड असतो की निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त दहा-वीस अंश वर. अशा थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुकाच असतो. तो काही प्रारण पाठवीत नाही. १९७० साली विल्सन, जेफर्ट्‌स आणि पेन्झियास या तिघांनी मृगाच्या दिशेने येणाऱ्या, अडीच-तीन मिलिमीटर लांबीच्या लहरींमध्ये कार्बन मोनॉक्साइडची खूण ओळखली. जो वायू बंद खोलीत शेगडी ठेवली असता माणसाचा जीव घेतो, त्याच्याच साहाय्याने आता साऱ्या आकाशगंगेतील रेण्वीय मेघांचे नकाशे काढले जातात.

या मेघांत वायूबरोबर धूळ असते. वजनाने पाहिली तर शंभरात एखादा हिस्सा. कण तर इतके बारीक, की आपल्या घरातील धूळ त्यांच्यापुढे खडीसारखी वाटेल. पण मेघाची जाडी प्रकाशवर्षांत मोजावी लागते आणि त्या जाडीतून येताना ताऱ्याचा दृश्य प्रकाश पार गिळला जातो. आता तारा जन्माला येतो तो नेमका इथेच, सर्वांत दाट आणि सर्वांत थंड भागात. हे तसे आधीच ठाऊक होते. जेम्स जीन्स यांनी १९०२ साली गणिताने दाखविले होते की वायूचा गोळा पुरेसा मोठा आणि पुरेसा थंड असला तर त्याचा आतील दाब त्याच्याच वजनापुढे हार खातो आणि तो आत कोसळू लागतो. पण गणित कागदावर राहिले. जिथे ते घडते तिथे पडदा ओढलेला. 

हा पडदा बाजूला सारता येत नाही. पण त्याच्या आरपार जाणारे किरण मात्र आहेत. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्याचा वर्णपट टेबलावर पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढलेला त्यांना आढळला. त्या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. धोबी इस्त्री तापली का हे पाहताना तिला हात लावीत नाही. हात नुसता जवळ नेतो. इस्त्री काळीच असते, पण तळहाताला तिची ऊब लागते. जी वस्तू चमकण्याइतकी तापलेली नाही तीही आपली हकीकत अवरक्त किरणांतून सांगत असते. शिवाय या किरणांची तरंगलांबी धूलिकणांच्या आकारापेक्षा मोठी असल्यामुळे ते दृश्य प्रकाशाइतके अडत नाहीत. म्हणजे फायदा दुहेरी: पडद्यातून पलीकडचे दिसते, आणि पडदा स्वतः कुठे तापला आहे हेही कळते. या दुहेरी फायद्यातूनच पुढे घोटाळा झाला.

कॅलिफोर्नियात गेरी न्यूगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी साठच्या दशकात दोन मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांनी सगळे आकाश तपासायचे ठरविले. त्यासाठी त्यांनी बासष्ट इंच व्यासाचा आरसा घरीच बनविला. पातळ इपॉक्सी एका थाळ्यात ओतून तो थाळा सावकाश फिरवीत ठेवायचा. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप हवा तसा खोलगट होतो आणि तसाच घट्ट होतो. ताक घुसळताना मडक्यात मध्ये खळगा पडतो, तोच हा न्याय. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला असे काही वाचले की फार बरे वाटते, म्हणून हे मध्येच सांगितले.

न्यूगेबाउअर यांचा विद्यार्थी एरिक बेकलिन. त्याने माउंट विल्सन येथील दुर्बिणीवर लेड सल्फाइडचा शोधक बसवून मृगाच्या तेजोमेघावरून ती हळूहळू फिरविली. चार ताऱ्यांच्या समूहापासून थोडे वायव्येला, सुमारे एक कलेच्या अंतरावर, शोधकाचा काटा एकदम वर गेला. छायाचित्रात त्या जागी काहीही नव्हते. बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांचा शोधनिबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्या बिंदूच्या किरणांवरून काढलेले तापमान सुमारे ७०० अंश निघाले. सूर्याचा पृष्ठभाग जवळजवळ ५८०० अंशांचा असतो. ७०० अंश म्हणजे तारा म्हणायला फारच गार. त्याच वर्षी डग्लस क्लाइनमन आणि फ्रँक लो या दोघांनी आणखी लांब, म्हणजे २२ मायक्रॉनच्या लहरींत पाहिले, तेव्हा त्या बिंदूच्या शेजारी एक पसरट, त्याहूनही गार ढग त्यांना सापडला. लो यांनी बनविलेला जर्मेनियमचा बोलोमीटर द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागे. दुर्बीणच गरम असली तर तिच्या स्वतःच्या उबेत आकाशाची ऊब हरवून जाते. पेटलेल्या चुलीशेजारी बसून दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहण्यासारखे ते होईल.

पहिल्या बिंदूला ‘बेकलिन-न्यूगेबाउअर वस्तू’ असे नाव पडले. ‘वस्तू’ हा शब्द त्यांनी मोठ्या समजुतीने वापरला, असे मला आता वाटते. ताऱ्याला वस्तू म्हणण्यात एक सावधपणा आहे. मी मात्र १९८६ साली तो सावधपणा बाळगला नाही. माझ्याजवळ एक जुने पुस्तक होते आणि चार पारदर्शिका होत्या. मी मोठ्या थाटात सांगितले, की श्रोतेहो, हा पहा गर्भातील तारा. याच्या पोटात अजून अणुभट्टी पेटलेली नाही. मानवाने ताऱ्याचा जन्म प्रथमच पाहिला तो इथे. टाळ्याही पडल्या.

मग गुरुजी उठले. जुन्या सभासदांना ते आठवतील. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, वाईकडचे. मुलाच्या नोकरीमुळे उतारवयात इकडे आलेले. ते म्हणाले, “प्राध्यापक, पडद्याआड कोणीतरी ऊबदार आहे, एवढे तुम्हांला कळले. मान्य आहे. पण तो तान्हा आहे की म्हातारा, हे कशावरून? आणि तो पडद्यात आहे की पडद्याच्या पलीकडे, हे तरी कशावरून?”

सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि म्हणालो, “गुरुजी, शास्त्रज्ञांनी ते ठरविले आहे.” ते “बरं” म्हणून खाली बसले. सभेनंतर बसथांब्यापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. वाटेत टिळकांच्या ‘ओरायन’विषयी बोलले, माझ्या उत्तराविषयी एक अक्षर काढले नाही. फक्त बस आली तेव्हा म्हणाले, “ते कशावरून ठरविले, हे कळले तर मला सांगा हं.” मी सांगितले नाही. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने ‘पुस्तकात आहे’ असे उत्तर दिले असते तर मी त्याला उभे केले असते. १९९८ साली गुरुजी गेले.

आता उत्तर. पहिली गोष्ट ही, की गुरुजींचा प्रश्न भोळा नव्हता. खुद्द खगोलशास्त्रज्ञांनी तो सत्तरीच्या प्रारंभी विचारला होता. ७०० अंशांचा रंग दोन प्रकारांनी येऊ शकतो. एक तर तारा धुळीच्या कोशात असेल आणि आपल्याला कोशाची ऊब दिसत असेल. किंवा मागे एखादा पोक्त, महाकाय, चांगला तापलेला तारा असेल आणि धुळीतून येताना त्याचा प्रकाश गाळला जाऊन तांबडा होत असेल. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो तो काही थंड झालेला नसतो. काही संशोधकांनी या दुसऱ्या पर्यायाचा पुरस्कार केला होता. म्हणजे मी ‘ठरविले आहे’ असे म्हणालो तो प्रश्न आधी वादाचा होता. आणि माझ्या भाषणाच्या दिवसापर्यंत त्याचा निकाल लागत आला होता तो माझ्या विधानाविरुद्ध. मी दोन्ही बाजूंनी चुकलो होतो.

निकाल लागला तो वर्णपटामुळे. अवरक्त प्रकाश नुसता मोजून भागत नाही, तो उलगडून पाहावा लागतो. उलगडल्यावर त्यात ३.१ मायक्रॉनपाशी एक खाच दिसली: ती पाण्याच्या बर्फाची. ९.७ मायक्रॉनपाशी दुसरी खाच, ती सिलिकेटची, म्हणजे साध्या शब्दांत दगडाची. ज्या धुळीतून हा प्रकाश आला तिच्या कणांवर बर्फाचा थर होता. म्हणजे वाट थंड, दाट मेघातून होती. इथपर्यंत दोन्ही पक्षांना हरकत नाही. पण पुढे हायड्रोजनच्या अशा रेषा सापडल्या, की ज्या ताऱ्याजवळचा वायू विद्युद्‌भारित झाल्याखेरीज उमटत नाहीत. वायूची अशी स्थिती करायला फार तप्त तारा लागतो. पोक्त महातारा त्याला पुरा पडत नाही. शिवाय ताऱ्याजवळच्या तप्त, दाट कार्बन मोनॉक्साइडच्या खुणाही मिळाल्या. असे साहित्य नुकत्याच घडलेल्या ताऱ्यांच्या अवतीभोवती आढळते. 

तेव्हा तो म्हातारा नव्हे. पण तो तान्हाही नव्हे. हायड्रोजन असा पेटविणारा तारा गर्भात नसतो. त्याची भट्टी पेटून गेलेली असते. वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहापट, तेज हजारो सूर्यांचे. वयाने कोवळा, पण जन्म झालेला. मी ज्याला गर्भ म्हणालो होतो तो चांगला हातापायांनी धड तरुण निघाला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आपला वेळ घेतला नसता. पण पुढे जे उघडकीस आले त्याची गुरुजींनाही कल्पना नव्हती आणि खगोलशास्त्रज्ञांनाही नव्हती. तो तारा जागेवर नाही. तो पळतो आहे.

तारे इतके दूर असतात की त्यांची चाल एका आयुष्यात सहसा जाणवत नाही. परंतु त्या क्लाइनमन-लो ढगात आणखी एक वस्ती होती. इतक्या दाट धुळीत बुडालेली, की तिचा थेट प्रकाश अवरक्त किरणांतही बाहेर येत नाही. ती रेडिओ दुर्बिणींना सापडली. तिला ‘आय’ या इंग्रजी अक्षराचे नाव आहे. न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींच्या मोठ्या रांगेने वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजमापांवरून २००५ साली दाखविले गेले, की बेकलिन-न्यूगेबाउअर तारा आणि ही ‘आय’ वस्ती परस्परांच्या विरुद्ध दिशांना चालली आहेत. ताऱ्याचा वेग सेकंदाला पंचवीस-तीस किलोमीटर; पृथ्वी सूर्याभोवती साधारण तितक्याच वेगाने फिरते. दोघांचे मार्ग उलटे मागे नेले की ते एका जागी येतात, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी.

यावर मतभेद झाले नाहीत असे नाही. हा तारा त्या शेजारच्या चार ताऱ्यांच्या समूहातून फेकला गेला असावा, असा एक गंभीर पक्ष होता आणि त्यालाही आकडेमोडीचा आधार होता. पण २०१७ साली हबल दुर्बिणीच्या अवरक्त छायाचित्रांची जुनी-नवी जोडी ताडून पाहताना आणखी एक तारा हाती लागला; सेकंदाला सुमारे ५५ किलोमीटरने तोही त्याच जागेपासून, त्याच वेळी निघालेला. तीन वाटसरू तीन दिशांना चाललेले आणि तिघांची पावले एकाच उंबरठ्यावरून निघालेली! या पुराव्यानंतर पहिल्या पक्षाचे बळ पुष्कळच कमी झाले.

तिथे काय झाले असावे? लहानशा जागेत तीन-चार जड, कोवळे तारे एकमेकांच्या ओढीत गरगरत असतात. अशी मांडणी टिकत नाही. त्यांतील दोन तारे एकमेकांच्या अगदी निकट आले, त्यांची घट्ट जोडी जमली (ती ‘आय’ वस्ती म्हणजे हीच जोडी असावी), आणि निकट येताना जी ऊर्जा मोकळी झाली तिने बाकीच्यांना घराबाहेर उडवून दिले. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब असाच असतो: दोघे फार जवळ आले की तिसऱ्याला जावे लागते.

(इथे सभागृहात हशा झाला, तो मला उद्देशून नव्हता. आपल्यापैकी कित्येकांना आपले वाटणीचे घर आठवले असावे.)

त्या घटनेचा धक्का भोवतालच्या वायूलाही बसला. हायड्रोजनचा रेणू थंडीत मुका असतो असे मी म्हणालो. पण त्याला जोराचा धक्का बसून तो तापला की २.१२ मायक्रॉनवर बोलू लागतो. त्या लहरीत छायाचित्र घेतले असता मध्यापासून सर्व बाजूंना पसरलेली, दिवाळीतल्या झाडासारखी शंभराहून अधिक बोटे दिसतात, आणि पुष्कळ बोटांच्या टोकांशी तापलेल्या लोहाचे ठिपके. डेव्हिड ॲलन आणि मायकेल बर्टन यांनी १९९३ साली ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीच्या साहाय्याने हे चित्र मांडले आणि याला स्फोट म्हणावे असे सुचविले. त्यांना ताऱ्यांच्या पळापळीची माहिती नव्हती. बोटांचे वेग मागे मोजत गेले तर तीही त्याच जागी आणि त्याच सुमारास येऊन मिळतात. चिलीच्या वाळवंटातील आल्मा दुर्बिणीने कार्बन मोनॉक्साइडमध्ये तेच झाड पुन्हा रेखाटले. सूर्य कित्येक लाख वर्षांत मिळून जेवढी ऊर्जा देईल तेवढी तिथे त्या एका प्रसंगात उधळली गेली. 

पाचशे वर्षे म्हणजे त्या प्रसंगाचा प्रकाश इथे पोहोचल्याला पाचशे वर्षे. बीदरला महमूद गावानचा मदरसा उभा राहिला त्या काळाच्या मागेपुढे तो आला असेल. मेघाच्या धुळीमुळे तो कोणाला दिसला नाही, दिसणे शक्यही नव्हते. प्रत्यक्ष घटना त्याच्याही साडेतेराशे वर्षे आधीची. आपल्या दख्खनवर तेव्हा सातवाहन राज्य करीत होते.

तर मग खरे तान्हे कुठे पाहायचे, असे कोणी विचारील. ते मोठ्या ताऱ्यांच्या गर्दीत शोधणे अवघड, कारण जड तारे फार घाईने वाढतात आणि भोवतालची मोडतोड करतात. लहान मेघांत, सूर्यासारख्या ताऱ्यांच्या बाबतीत, चित्र अधिक शांतपणे पाहता येते. १९८३ साली ‘आयरास’ हा उपग्रह हेलियमने थंड केलेली दुर्बीण घेऊन गेला आणि हेलियम संपेपर्यंतच्या दहा महिन्यांत त्याने आकाशाचा बहुतेक भाग अवरक्तात पाहून काढला. त्याने दाखविलेल्या अशा गार ठिपक्यांच्या मागे पुढे स्पिट्झर, हर्शेल आणि आता जेम्स वेब दुर्बीण लागली. वृषभ राशीच्या दिशेला साडेचारशे प्रकाशवर्षांच्या आसपास एल-१५२७ नावाचा काळा मेघ आहे. वेब दुर्बिणीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रात तिथे डमरूसारखी एक आकृती दिसते. डमरूच्या कमरेशी एक आडवी काळी रेघ: ती ताऱ्याभोवती फिरणाऱ्या चकतीची कड. तारा त्या रेघेआड लपलेला आहे, आणि डमरूची दोन्ही तोंडे म्हणजे त्याने वर-खाली झोत फेकून मेघात पाडलेल्या पोकळ्या. त्याचे वय अवघे एक लाख वर्षे धरतात. वायू चकतीवर पडतो, चकतीतून ताऱ्यावर पडतो, आणि पडण्यातूनच तो तापतो. भट्टी अजून पेटायची आहे. १९८६ साली मी जे वाक्य उच्चारले होते ते या ताऱ्याविषयी उच्चारले असते तर खरे ठरले असते.

अगदी याच वर्षी, २०२५ च्या जुलैत, आणखी एक बातमी आली. मृगातल्याच मेघांत एका अशा कोवळ्या ताऱ्याभोवती तप्त सिलिकॉन मोनॉक्साइड वायू आणि त्यातून घट्ट होऊ लागलेली पहिली खनिजे वेब आणि आल्मा या दोहोंनी मिळून ओळखली. पृथ्वीसारखे ग्रह ज्या दगडाचे होतात त्याचा पहिला दाणा धरतानाचा तो क्षण आहे. मला वाटते, ‘जन्म’ या शब्दावर माझ्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा.

आपल्या शहराचा या विद्येशी जो संबंध आहे तो सांगितल्यावाचून राहवत नाही. लांब लहरींचे अवरक्त किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. हवेतील बाष्प त्यांना गिळते. म्हणून दुर्बीण तरी अवकाशात न्यावी, नाहीतर बाष्पाच्या वर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र इथेच, हैदराबादेत आहे. कांद्याच्या सालीसारख्या पातळ पॉलिथिनचे ते प्रचंड फुगे हायड्रोजन भरून सोडतात, आणि त्यांना टांगलेली एक मीटर व्यासाची दुर्बीण रात्रभर तीस किलोमीटरच्या आसपास उंचीवरून ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे टिपते. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांनी दिलेले वर्णपटमापक यंत्रही तिला जोडले गेले. पहाटे दोर तोडला की यंत्र छत्रीने खाली उतरते, कुठल्यातरी जिल्ह्यातील शेतात. ‘असे यंत्र सापडल्यास हात लावू नये, पोलिसांना कळवावे, बक्षीस मिळेल’ अशी निवेदने आपण इथल्या वृत्तपत्रांत वाचलेली असतील. पुष्कळांना ती हवामान खात्याची वाटतात. 

तर गुरुजी, उत्तर असे आहे. तो पडद्याच्या पलीकडे नाही, पडद्यातलाच आहे. म्हातारा नाही, तान्हाही नाही. तो घरातून बाहेर पडलेला एक तरुण आहे आणि अजून चालतोच आहे. तो कशावरून ओळखला हे मी सांगितले: बर्फाची खाच, हायड्रोजनच्या रेषा, आणि तीन जणांची मागे मोजत नेलेली पावले. त्या जोडीतले दोघे अजून स्वतंत्र आहेत की दोघे मिळून एक झाले होते, यावर अद्याप एकमत नाही. ते झाले की तेही सांगीन.

प्रश्न असतील तर मी थांबतो. त्यानंतर गच्चीवर मंडळाची सहा इंची दुर्बीण लावलेली आहे. मृग आता पूर्वेला बराच वर आला असेल. या वेळी तो कुशीवर आडवा झालेला असतो, म्हणून बाणाचे तीन तारे उभे दिसतील आणि तो पुसट ठिपका त्यांच्या उजव्या हाताला. दुर्बिणीत चार तारे दाटीने दिसतील. त्यांच्यापासून वायव्येला, एका कलेवर, काळोख आहे. तिथे काही दिसणार नाही, पण जागा दाखवीन. मुलांना आधी पाहू द्यावे, आणि जिन्यातला दिवा कोणी लावू नये.